बटूचा रंग

मुलुंडच्या एखाद्या मंगल कार्यालयात मुंज असली की आठ वर्षांच्या मुलाचे कपडे एका दिवसात चार-पाच वेळा बदलतात. सकाळी मातृभोजनाला रेशमी कद. क्षौर होऊन न्हाणं झालं की लंगोटी, कमरेला मुंज गवताची मेखला, हातात पळसाचा दंड आणि मृगाजिनाची आठवण म्हणून गळ्यात अडकवलेला बोटभर तुकडा. भिक्षावळीला लालभडक जरीकाठी सोवळं आणि कपाळाला मुंडावळ्या. रात्री पाहुणे यायला लागले की गडद निळा थ्री-पीस सूट, नाहीतर भाड्याने आणलेली मोतिया शेरवानी. सकाळचा छोटा ब्रह्मचारी रात्रीपर्यंत छोटा नवरदेव झालेला असतो आणि अल्बममध्ये दोघं शेजारी शेजारी चिकटवले जातात.

लाल का आणि निळा का, हे त्या गडबडीत कुणी विचारत नाही. गुरुजींना मुहूर्त गाठायचा असतो, आईला भिक्षावळीच्या ताटांची काळजी, आणि बटूला भूक लागलेली असते. प्रश्न मात्र जुना आहे आणि वाटतो तितका कापडाचा नाही. एखादा रंग पवित्र, शुभ, पुरुषी किंवा सोज्वळ असतो, असं म्हणताना तो गुण रंगात असतो की पाहणाऱ्यांनी आपसांत ठरवलेला असतो?

शास्त्राला विचारावं तर शास्त्र पहिल्याच फटक्याला अडचणीत टाकतं. आश्वलायन गृह्यसूत्रात रंगीत वस्त्र नेसवायचं झाल्यास ब्राह्मण बटूला काषाय, क्षत्रियाला मंजिष्ठेचा तांबडा आणि वैश्याला हळदीचा पिवळा सांगितला आहे. आपस्तंबाकडेही हीच वाटणी सापडते. वसिष्ठ मात्र ब्राह्मण बटूला शुभ्र वस्त्र देतो. गौतम तर न रंगवलेलं सुती कापड सगळ्यांनाच चालेल म्हणतो आणि काषाय हे ‘काहींचं मत’ म्हणून नोंदवतो. गिरगावात राहून डॉ. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्याच्या १९४१ च्या दुसऱ्या खंडात उपनयनाची कातडी, मेखला, दंड आणि वस्त्रं यांच्याबद्दलचे सूत्रकारांचे हे सारे मतभेद ओळीने मांडलेले आहेत. ते वाचताना एक गोष्ट लपत नाही. त्या काळी मुलाच्या अंगावरचं कापड पाहिलं की त्याचा वर्ण कळावा, अशी ती योजना होती. वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे जन्माची पायरी. संस्कृतात दोहोंना शब्दही एकच.

आज दादरला किंवा बोरिवलीला सोवळं घ्यायला गेलं तर दुकानदार मुलाची उंची विचारतो, वर्ण विचारत नाही. लाल, राणी, केशरी, जांभळं, जे नजरेत भरेल ते पिशवीत पडतं. तीन वर्णांचे तीन रंग हा नियम कधी मेला, कुणी मारला, याची दवंडी पिटली गेली नाही. त्याच्यावाचून मुंज अशुद्ध झाली अशी तक्रारही कुणाच्या ऐकण्यात नाही. ज्या नियमावाचून विधीचं काहीच अडलं नाही, तो विधीचा प्राण होता असं म्हणणं कठीण आहे.

रंगावरून माणूस ओळखण्याची पंचाईत महाभारतालाही जाणवली होती. शांतिपर्वात भृगू सांगतात की ब्राह्मणांचा रंग पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. त्यावर भरद्वाज सरळ हरकत घेतात: रंगावरूनच वर्ण ठरत असेल तर सगळीकडे सरमिसळच दिसते; काम, क्रोध, भय, भूक, थकवा तर सगळ्यांना सारखेच, मग वेगळेपण राहिलं कुठे? भृगूंना माघार घ्यावी लागते. मुळात भेद नव्हता, तो कर्माने पडला, असं ते मान्य करतात. शाळेच्या वर्गात भरद्वाजांसारखा प्रश्न विचारणाऱ्याला ‘आगाऊ’ म्हणतात.

या वादाला दर्शनांनी नेमकी भाषा दिली, पण ती शब्दांच्या संदर्भात. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचं नातं औत्पत्तिक आहे, म्हणजे जोडलेलं नव्हे तर आधीपासून असलेलं. नैयायिक म्हणतात, नाही, तो संकेत आहे. ‘या शब्दावरून ही वस्तू समजावी’ असं ठरलेलं असतं, म्हणून समजते. हाच चिमटा रंगाला लावून पाहावा. पांढरा म्हणजे पावित्र्य, हे नातं औत्पत्तिक की सांकेतिक? नैयायिकांकडे या प्रश्नाचं अर्धं उत्तर तयारच आहे. त्यांच्या चोवीस गुणांच्या यादीत पहिला गुण रूप, म्हणजे रंग. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्याचे सात प्रकार आहेत: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि सातवा ‘चित्र’, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या कापडाला जो मिळून एक रंग येतो तो. हा सातवा खरंच वेगळा रंग मानायचा का, यावर पंडितांनी भरपूर शाई खर्च केली. आपल्या कामाची गोष्ट यादीच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच चोवीस गुणांत धर्म आणि अधर्म हेही आहेत, पण ते राहतात आत्म्यात. कापडात रूप राहतं; धर्म कापडात राहत नाही.

मीमांसकाच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की संकेत असता तर तो बदलताना दिसला असता. तो बदलताना दिसतो, आणि त्याचा सगळ्यात ठळक कागदोपत्री पुरावा अमेरिकेत आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ चा फोटो प्रसिद्ध आहे: अडीच वर्षांचा मुलगा, लांब केस, अंगात पांढरा घेरदार झगा. त्या काळी सुखवस्तू घरातल्या लहान मुलाचा तो रीतसर पोशाख होता. पांढरा अशासाठी की उकळत्या पाण्यात टाकून डाग काढता येत. १८८६ मध्ये ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ ही कादंबरी आली आणि आयांनी आपल्या मुलांना काळ्या मखमलीचा सूट व लेसची कॉलर चढवली. ज्यांनी तो घातला त्यातल्या बऱ्याच जणांनी तो आठवून पुढे दातओठ खाल्ले म्हणतात. गुलाबी-निळ्याची गंमत तर आणखी पुढची. १९१८ च्या जूनमध्ये ‘अर्नशॉज’ या बालकपड्यांच्या व्यापारी मासिकाने सल्ला दिला की गुलाबी हा जास्त ठाम रंग, म्हणून मुलांना. निळा नाजूक, म्हणून मुलींना. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीत हे उलटं होऊन बसलं आणि उलटं तेच निसर्गाचं वाटू लागलं. जो पाओलेट्टी या अभ्यासक बाईंनी जुनी मासिकं, कॅटलॉग आणि कागदी बाहुल्या चाळून २०१२ मध्ये ‘पिंक अँड ब्ल्यू’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा हिशेब आहे. रात्री बटूला जो गडद सूट घालतात, त्याचाही असाच इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले उमराव जरीचे, गुलाबी, पोपटी कोट घालत. मग पुरुषांनी रंग सोडला तो सोडलाच. जे. सी. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या घटनेला पुरुषांचा महात्याग असं नाव दिलं. रंगाचा त्याग करून शिवलेला हा सूट मुंजीच्या दिवशी घालतात, यातली गंमत आपल्याकडे कुणाच्या लक्षात येत नाही.

तरी मीमांसकाला इतक्या लवकर घरी पाठवू नये. पांढऱ्यापाशी तो पाय रोवून उभा राहतो.

जोगेश्वरीच्या माल्कम बागेतल्या पारशी मुलाची नवजोत होते तेव्हा त्याच्या अंगात पांढरा मलमलीचा सुद्रेह चढतो आणि कमरेला बहात्तर लोकरी धाग्यांची कुस्ती बांधली जाते. यस्न या धर्मग्रंथाचे अध्याय बहात्तर, म्हणून धागे तितके. अंधेरीच्या आंबोलीत सेंट ब्लेझ चर्चच्या परिसरातली ईस्ट इंडियन मुलं पहिल्या कम्युनियनला पांढरा शर्ट-पँट किंवा पांढरा सूट घालून मेणबत्ती धरतात. घाटकोपरच्या देरासरात दीक्षा घेणारा श्वेतांबर मुलगा शेवटी पांढऱ्यातच येतो. बौद्ध घरातलं मंगलकार्य पांढऱ्यात होतं. एकमेकांच्या जेवणाबद्दल आणि देवाबद्दल ज्यांचं एकमत नाही, त्यांचं पांढऱ्याबद्दल इतकं एकमत कसं? संकेत असता तर कुठेतरी फाटला असता.

तो फाटलाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतले कम्युनियनचे फोटो पाहावेत. मुली आपल्या आंबोलीसारख्याच पांढऱ्याशुभ्र, आणि शेजारी मुलगे गडद सुटात. पांढरं म्हणून फक्त डाव्या दंडाला बांधलेली रेशमी फीत. संस्कार तोच, पोप तोच, वय तेच, आणि पावित्र्याचा रंग मुलाच्या अंगावर वीतभर. आपल्याकडे तर पांढरं अंत्ययात्रेलाही घालतात. काळ्याचं काय, तर मुंजीत काळा दोराही चालू न देणारी आजी संक्रांतीला त्याच नातवाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून बोरन्हाण घालते. काळं ऊब धरतं हे त्यामागचं जुनं कारण पटण्यासारखं आहे. बोरिवलीच्या जानेवारीत पंखा लावून ते सांगावं लागतं, एवढंच.

म्हणजे रंगाला अर्थ द्यायला कारण असतं, ते कापडाच्या व्यवहारातून येतं, आणि पुढे कारण विसरून अर्थ तेवढा उरतो. पांढरं म्हणजे न रंगवलेलं आणि डाग न लपवणारं. काषाय म्हणजे काढ्यात बुडवलेलं. ‘कषाय’ हा मुळात झाडाच्या सालीचा तुरट काढा. ही कारणं खरी आहेत. पण कारण आणि पावित्र्य यांच्यामध्ये माणसाचा निर्णय उभा असतो, आणि तो निर्णय सगळ्यात लख्ख दिसतो तो बोरिवलीच्या डोंगरात, कान्हेरीला.

कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षू हजारएक वर्षं राहिले. नवव्या शतकातल्या तिथल्या शिलालेखांत त्यांच्या वस्त्रांसाठी दान दिलेल्या द्रम्म नाण्यांच्या नोंदी आहेत. या भिक्षूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, रंगाबद्दल जे सांगितलं आहे, ते कुठल्याही गृह्यसूत्राच्या नेमकं उलट्या वृत्तीचं. संपूर्ण निळं, संपूर्ण पिवळं, संपूर्ण तांबडं, संपूर्ण मंजिष्ठेचं, संपूर्ण काळं चीवर घालायचं नाही. पिवळा आणि मंजिष्ठ इथे पुन्हा भेटतात, पण यावेळी दाराबाहेर. शिवाय नवं चीवर मिळालं की ते वापरण्याआधी त्यावर निळ्या, चिखलाच्या किंवा काळपट तपकिरी रंगाचा एक डाग पाडायचा. पाली शब्दच ‘दुब्बण्णकरण’ आहे, दुर्वर्ण करणं, रंग बिघडवणं. कापडाचा अहंकार वाढू नये म्हणून मुद्दाम घेतलेली ही काळजी. रंग आपोआप पवित्र असता तर तो बिघडवायला सांगण्याची गरज पडली नसती. आजही उपनगरांतल्या विहारांतून श्रामणेर शिबिरं भरतात, मुलं काही दिवसांसाठी चीवर घालतात आणि मग शाळेच्या गणवेशात परततात.

जैन विचार याहून एक पायरी आत जातो. त्यांच्याकडे ‘कषाय’ हा शब्द क्रोध, मान, माया आणि लोभ या चार मळांसाठी वापरतात. काढ्याने कापड रंगावं तसा जीव त्यांनी रंगतो. आणि लेश्या म्हणजे जिवाच्या वृत्तीचे सहा रंग: कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल. जांभळाच्या झाडाची गोष्ट जैन घरातल्या पोरालाही ठाऊक असते. सहा भुकेले झाडापाशी येतात. कृष्ण लेश्येचा माणूस झाड मुळापासून तोडायला निघतो, पुढचे फांद्या, डहाळ्या, घोस, फळं असं करत उतरत येतात, आणि शुक्ल लेश्येचा खाली पडलेली जांभळं वेचून खातो. इथे पांढरा रंग कापडाचा राहिलेलाच नाही. कापडाचा रंग म्हणजेच सर्व काही असं मानलं तर दिगंबरांचं काय करायचं? राष्ट्रीय उद्यानाच्या हिरवाईत पोदनपूरच्या आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उंच मूर्ती उभ्या आहेत. त्यांना वस्त्रच नाही.

पण सिद्धान्तातून रस्त्यावर यावं. घाटकोपरच्या रस्त्यावरून दीक्षार्थी मुलाचा वरघोडा निघतो तेव्हा त्याला राजपुत्रासारखं सजवलेलं असतं, जरी, मोती, डोक्यावर मुकुट, आणि तो दोन्ही हातांनी वर्षीदान उधळत असतो. दुसऱ्या दिवशी सगळे रंग उतरतात आणि पांढरं चढतं, ते आयुष्यभरासाठी. सूट भाड्याच्या दुकानात परत करता येतो, हे वस्त्र परत करता येत नाही. म्हणूनच इथे प्रश्न रंगाच्या अर्थापाशी थांबत नाही. तो अर्थ ज्याच्या अंगावर चढवला, त्याला तो कळला आहे का आणि त्याने होकार दिला आहे का? सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९३३ मध्येच अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेवर कायदा आणला होता. श्रद्धावंत म्हणतात, पूर्वजन्मीचा संस्कार वयाची वाट पाहत नाही. त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवूनही म्हणावं लागतं की नऊ वर्षांच्या मुलाच्या होकाराला सज्ञानाच्या होकाराचं वजन देता येत नाही.

नवा रंग कसा जन्मतो, हेही याच घाटकोपरात पाहायला मिळतं. १४ एप्रिलला रमाबाई आंबेडकर नगराच्या आसपास चार-पाच वर्षांची मुलं निळा कोट, टाय, गोल चष्मा आणि काखेत जाडजूड पुस्तक अशा थाटात फिरताना दिसतात. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. पुतळ्यांच्या आणि पोरांच्या कोटाचा निळा लोकांनी ठरवला. त्याची मुळं १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्यात आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं नेसावीत अशी आज्ञा आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला, आणि त्याच सुमारास बाबासाहेब तिथल्या बायांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगत होते. कपडा हा किरकोळ विषय आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. कुणी प्रेताचं कापड नेमून दिलेल्या घरातला मुलगा कडक इस्त्रीचा निळा कोट घालून उभा राहतो, तेव्हा तो संकेतच असतो, नैयायिक म्हणतात तसाच, पण समजून-उमजून केलेला. संकेत म्हटल्याने त्याची किंमत कमी होत नाही. उलट, तो कुणी केला आणि का केला हे सांगता येतं, हीच त्याची ताकद आहे.

सगळेच नवे संकेत इतके वजनदार नसतात. नवरात्राच्या नऊ रंगांची यादी महाराष्ट्र टाइम्सने या शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय केली. आज अंधेरी लोकलचा डबा त्या यादीबरहुकूम रंगतो, ऑफिसातले मुलगेही त्या दिवशीचा शर्ट शोधून काढतात, आणि ‘हे पुराणात आहे’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. वीस वर्षांत यादी पुराणात जाऊन बसली. यात कुणाचं नुकसान नाही, डबा सुंदर दिसतो. पण परंपरा किती वेगाने म्हातारी होते, ते कळतं.

राहिला तो मुंजीचा मुलगा. ब्राह्मणाची मुंज आठव्या, क्षत्रियाची अकराव्या, वैश्याची बाराव्या वर्षी, असं सूत्रकार सांगतात. पारशी मूल साधारण सातव्या वर्षापासून नवजोतीला योग्य मानतात. पोप दहावे पायस यांनी १९१० च्या आदेशाने पहिल्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं, कारण मुलाला भलंबुरं कळू लागतं ते त्याच सुमारास. जैन परंपराही दीक्षेची किमान मर्यादा आठच्या आगेमागेच ठेवते. एकमेकांना न विचारता सगळ्यांनी जवळपास एकच वय काढलं, ते एकाच समजुतीवर: या वयात मूल विचार करू लागतं. मग त्याच दिवशी त्याला बाहुलीसारखं उभं करून चार रंग चढवायचे आणि उतरवायचे, हे त्या समजुतीशी जुळत नाही.

तेव्हा यंदा घरात मुंज निघाली असेल तर सोवळ्याच्या दुकानात जाण्याआधी मुलाला समोर बसवून विचारा की त्याला कुठला रंग हवा आणि का. आश्वलायन, आपस्तंब, कान्हेरीचा डाग, घाटकोपरचा निळा कोट, हे सगळं त्याला गोष्टीसारखं सांगा. आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं. तो रंग नकोच म्हणाला आणि गुरुजी अडून बसले, तर त्यांना गौतमाच्या धर्मसूत्राचा पहिला अध्याय दाखवा. न रंगवलेलं सुती कापड तिथे सगळ्यांना चालतं.